कानोशीचं माहेर

तळवाडी, पोस्ट मिरजगाव
१२ जून १९७०

राजमान्य राजेश्री आसारामबुवा, मुक्काम बेलापूर, यांना त्यांच्या लेकाच्या सासऱ्याचा, म्हणजे रंगनाथाचा, हात जोडून रामराम.

इकडे सर्व खुशाल. आमच्या मंडळींचा, रतनबाईचा, गुडघा ठणकायला लागलाय, म्हणजे मृग कोरडा जायचा नाही. केशर तुमच्या घरी सुखात आहे असं तिच्या अक्षरावरून वाटतं. अक्षर मीच गिरवून घेतलंय, तेव्हा मला त्यातलं कळतं.

पत्र लिहायचं कारण असं. मागल्या आठवड्यात जावईबापू गहिनीनाथराव तुमच्या मच्छीमार संस्थेच्या दोन माणसांना घेऊन आले होते. तलावाच्या काठानं हिंडले, ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे काठी घालून पाणी बघितलं आणि जाता जाता म्हणाले, "मामा, पहिला पूर आला की आमी येऊ. चढणीच्या कानोश्या पायजेत. डोकी तेवढी आमाला, बाकी मासा तुमाला."

मला वाटलं थट्टा करतात. मग त्यांनी समजावून सांगितलं की माशाच्या मेंदूखाली बाजरीच्या दाण्याएवढी गाठ असते, ती काढून स्पिरिटात ठेवायची, वाटून तिचं पाणी दुसऱ्या माशाला सुईनं टोचायचं, म्हणजे तो कापडाच्या हौदात एका रात्रीत अंडी सोडतो. त्याचं तुमच्या बीजकेंद्रात बी, म्हणजे बारीक पिल्लं, तयार होतात. गेल्या भादव्यात पत्र्याच्या डब्यांतून आणून आमच्या तलावात सोडलंत तेच हे कटल्याचं आणि रोहूचं बी.

बुवा, मी मुलीचा बाप. तोंड सांभाळून लिहितोय. पण एकीचं डोकं फोडून दुसरीला बाळंत करायचं, ही सुईणीची विद्या मी आजवर ऐकली नव्हती.

तुम्हाला नदीकाठची माहिती, म्हणून आमच्या तलावाची रीत सांगतो. पहिल्या लोंढ्याला जाड ओठांची, काळ्या पाठीची कानोशी पोटात अंडी घेऊन तलावातून ओढ्याला चढते. वर कुरणात गुडघाभर पाणी साचतं, तिथे गवतात अंडी घालून परत येते. आम्ही तिला माहेरवाशीण म्हणतो. नागपंचमीपर्यंत ओढ्याच्या तोंडाशी कुणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही, बाई धुणंसुद्धा आपटत नाही. घरात पीठ नसलं तरी नाही. माझ्या बापानं ही राखण केली, त्याच्यामागे मी करतोय.

तुम्ही बी बी म्हणता, ते बी तरी कसलं? पेरलं तेवढं वाढतं, पुढे त्याचं बी धरत नाही. दर साल डबे घेऊन तुमच्या दारात उभं राहायचं. हौदात जन्मलेल्याला माहेर नाही, ते चढणार कुठे?

तेव्हा स्पष्ट लिहितो. चढणीच्या दिवसांत कुणाला पाठवू नका. पाठवाल तर मी त्यांना ओढ्यात उतरू देणार नाही, मग तो जावई असो की जावयाचा बाप.

जास्त काय लिहू. विहीणबाई गोजरबाईंना दंडवत.

रंगनाथ


बेलापूर
२१ जून १९७०

श्रीयुत रंगनाथराव यांना आसारामचा सप्रेम नमस्कार.

आपलं मायेचं पत्र सुनबाईने वाचून दाखवलं. ऐकून फार समाधान वाटलं. आपल्याकडे या दिवसांत सहसा जाळं लावत नाहीत, पण घरचेच हात असल्यावर परके कशाला मानू, असं आपण लिहिलंत, यात आपल्या मनाचा मोठेपणा दिसतो. आम्ही रीतीचा मान ठेवूनच काम करू. गहिनीनाथ चार माणसं घेऊन पहिल्या पुराला येईल. आमच्या कटल्या अजून कोवळ्या आहेत, त्यांच्या डोक्यातली गाठ कामाची नाही, म्हणून आपल्याकडच्या कानोश्या लागतात. एवढं बी तयार झालं की सगळ्यात आधी आपल्या तलावाचा वाटा पाठवू.

रतनबाईंच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधावा असं मंडळी म्हणतात.

आपला,
आसाराम
(हस्ते केशर)


तळवाडी
९ जुलै १९७०

आसारामबुवांस रंगनाथाचा रामराम.

तुमचं पत्र मला काल मिळालं. कानोश्यांची डोकी फुटल्यावर. मी पुतण्याच्या सोयरिकीसाठी सुप्याला गेलो होतो. घरात वाचणारं दुसरं कुणी नाही, म्हणून ते भिंतीतल्या देवळीत पडून होतं.

गाडीतून उतरलो तर वेशीपासूनच कालवणाचा वास. भर चढणीत तळवाडीत मासा शिजतोय, हे माझ्या नाकाला खरं वाटेना. तसाच ओढ्यावर गेलो. बायकांच्या धुण्याच्या दगडावर तुमच्या लोकांनी दुकान मांडलं होतं. एक जण सुऱ्यानं डोकं उघडतोय, एक जण चिमट्यानं गाठ उचलून बाटलीत टाकतोय, आणि बाजूला अंडी सांडलेली, पिवळीधमक, राळ्याचा भात उपडा केल्यासारखी. त्यावर कावळे. तोंडाशी आडवं जाळं, या काठापासून त्या काठापर्यंत. एकही कानोशी वर गेली नसेल.

जावईबापू हात धूत होते. म्हणाले, "मामा, आलात? तुमचीच वाट बघत हुतो."

मी म्हटलं, "कुणी सांगितलं हे?"

"तुमीच की. घरचेच हात म्हणून लिव्हलंत. वडलांनी मला समोर बसवून सांगितलं."

पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याच्या तोंडावरून कळत होतं. मग मी घरी आलो, तर चुलीवर पातेलं. रतनबाई म्हणाली, "जावयानं हातानं आणून दिलं, नको कशी म्हणू?" मी कांदा-भाकर खाऊन उठलो.

आता गावाचं ऐका. शेजारचा पुंजाराम चावडीवर दहा माणसांत म्हणाला, "रंगाभाऊ, तू आमाला नागपंचमीपतोर सुकट खायला लावलंस, आन जावयाला पंगत मांडलीस. माहेरवाशीण गरिबाच्या पोरापुरतीच व्हय?" सगळे हसले. पुढच्या सालच्या पहिल्या लोंढ्याला ओढ्यावर पहिलं जाळं आपलं, असं त्यानं जाहीर केलंय. आणखी चौघांनी मान डोलावली. एका सालच्या कानोश्या मेल्या त्या मेल्या. पण रीत मोडली तर आमच्या तलावात कानोशी राहायची नाही.

बुवा, मी 'पाठवू नका' असं लिहिलं होतं. काळ्या शाईनं, ठळक. त्याचा होकार तुम्ही कुठल्या गिरणीत दळून काढलात? लेक दिली म्हणून आजवर मान खाली घातली. लग्नात मानपानावरून रुसलात, मी पाया पडलो. पण लेक दिली, तलाव दिला नव्हता. तुम्ही माझं गावातलं तोंड काळं केलंत, आणि वर निर्गुडीचा पाला बांधायला सांगता.

माझं मागणं एकच आहे. रंगनाथानं परवानगी दिलेली नव्हती, एवढं पंचांच्या नावानं लिहून खाली अंगठा उठवून पाठवा. ते मी चावडीवर वाचीन. त्याशिवाय पुढल्या साली ओढा राखता येणार नाही.

रंगनाथ


बेलापूर
२० जुलै १९७०

तीर्थरूप आबांच्या पायी केशरचं डोकं.

आबा, तुमचं पत्र आलं. मी ते अजून मामंजींना वाचून दाखवलेलं नाही. रोज विचारतात, "व्याह्यांचं काय आलं का गं?" मी नाही म्हणते.

पहिलं पत्र मी तुम्ही लिहिलं तसं वाचलं नाही. पडवीत मामंजी, सासूबाई, संस्थेचे दोघे, सगळे बसलेले. मी उभी राहून वाचत होते. सुईणीच्या विद्येचं वाक्य आलं. ते मी गिळलं. 'पाठवू नका' याच्या जागी 'आम्ही सहसा जाळं लावत नाही' असं म्हटलं. वाटलं, शहाणा माणूस एवढ्यावर ओळखील. आणि मग फार कोरडं वाटलं म्हणून 'घरचेच हात' आपल्या पदरचं घातलं. तेच त्यांनी उचललं.

तुम्ही विचाराल, का. आबा, लग्नानंतरच्या साली तुम्ही मानपानावरून एक पत्र लिहिलं होतं. ते मी शब्दन् शब्द वाचलं होतं. त्यानंतर दोन महिने माझ्या हातचं मीठ कधी बरोबर पडलं नाही. पाणी आणलं तर घागर घासलेली नाही, भाकरी केली तर कडा कच्च्या. तुम्ही तिकडे कागदावर टाक मोडता आणि इकडे माझं ताट मोडतं. वाचायला तुम्ही शिकवलंत, पण सासरच्या पडवीत बापाचं पत्र कसं वाचायचं ते नाही शिकवलंत. ते मी माझी मी शिकले.

त्यांची पत्रंही मीच लिहिते. मामंजी बोलतात त्यात शिव्या असतात, खोड्या असतात. मी त्या काढून 'सप्रेम' घालते.

अजून एक सांगते, रागावू नका. मी केंद्रात जाऊन बघितलंय. त्या कापडी हौदात सकाळी अंडी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली असतात, आणि एकेका दाण्यात पोर हलतं. मी तिथे कितीतरी वेळ उभी होते. तुम्ही पाप म्हणता, ते मला पाप दिसलं नाही. पण कानोश्यांची डोकी तुमच्या दगडावर फुटली, ती माझ्यामुळे. ते मला कळतंय.

आता तुम्ही म्हणाल तसं. अंगठा हवा असेल तर मला हे पत्र आहे तसं वाचावं लागेल, आणि मग पहिलं कसं वाचलं तेही निघेल. वाच म्हणालात तर वाचीन.

केशर


तळवाडी
२ ऑगस्ट १९७०

चिरंजीव केशर हिस आबांचे आशीर्वाद.

वाचू नकोस. चुलीत घाल.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की रतनबाईनं विचारलं कोण वारलं. तुझ्यावर राग नाही. बापानं शाई सांडायची आणि लेकीनं त्याचे डाग आपल्या लुगड्यावर पुसायचे, ही जी आपल्यात तऱ्हा आहे तिच्यावर राग आहे. आणि मला ती इतकी वर्षं दिसली नाही याच्यावर जास्त. मी आपला ऐटीत लिहीत होतो, वाटायचं बुवा काय खवळत असतील. तिकडे ते 'मायेचं पत्र' ऐकून पान खात बसलेले. मीठ नीट पडत नाही म्हणे. त्या गोजरबाईला माझ्या समोर बसवून आठ दिवस अळणी वरण खायला घालावंसं वाटतं. हे वाक्यही वाचू नकोस.

आता इकडचं. पंच बसले होते. मी सांगितलं, परवानगी मी दिली. जावयाच्या प्रेमात चूक झाली. रीत माझ्या घरातून मोडली, तर दंडही माझ्याच घराला बसू द्या, म्हणजे ती जुळेल. भिमाजी पाटील म्हणाले, "रंगनाथा, तू असा न्हाईस." मी म्हटलं, आता आहे. वर्षभर मासा धरायचा नाही, म्हणून माझं जाळं देवळाच्या खुंटीला टांगलंय. पुंजारामानं स्वतः टांगलं आणि खाली उतरून म्हणाला, "मग आता आमीबी पुढल्या साली जाळं टाकनार न्हाई. पन रंगाभाऊ, तुला इचारणार बी न्हाई." ओढा राहिला, राखण्या राहिला नाही. चालायचंच.

आमची काळजी करू नको. पुंजाराम शिव्या देत देत रोज ओंजळभर सुकट ठेवून जातो. रतनबाई ती घेते. मी तिकडे बघत नाही.

साबुदाण्याचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. अजून पटलेलं नाही.

आबा


बेलापूर
१० सप्टेंबर १९७०

रंगनाथराव, रामराम.

ह्ये पत्र मी सांगतोय तसंच्या तसं सून लिव्हती हाय. एकबी शब्द बदलला तर दुसऱ्याकडनं वाचून घेईन असं तिला बजावलंय. ती रडतीय आन लिव्हतीय. रडू द्या, शाई सुकंल.

पोळ्याच्या दिवशी, बैलं पुजून झाल्यावर, पडवीत संस्थेची पंधरा मानसं बसल्याली, तवा ही मधी येऊन हुभी ऱ्हायली. म्हनली, "मामंजी, आबांची पत्रं मला परत वाचायचीत." आन तिनं तीनबी पत्रं वाचली. सुईनीची इद्या. गिरणीत दळून काढलेला होकार. निर्गुडीचा पाला. गोजरीचं अळणी वरन. त्येबी वाचलं. पंधरा मानसं खाली बघत हुती आन एक जन फेट्याआड हासत हुता, त्याला मी दुसऱ्या दिशी संस्थेतनं काढनार हुतो पन त्यो माझा मेव्हणा निघाला.

रंगनाथराव, मला राग आला. लई आला. तुमच्या शिव्यांचा न्हाई. त्या शिव्या माझ्या हुत्या. माझ्या नावानं टपालात टाकल्याल्या. त्या मला मिळाया पायजे हुत्या. तुमी मला ठणकावून न्हाई म्हनलात आन मी इकडं तुमच्या मनाच्या मोठेपनाची चार मानसांत वाहवा करत हिंडलो. बहिऱ्याच्या कानात मध घालावा तसं माझ्या सुनेनं केलं. आन का केलं, तर माझ्या घरात मिठावरनं तिला छळलं म्हून. त्ये मला म्हाईतच न्हवतं. सुनेला मी काय बोललो न्हाई. गोजर बोलली. मग गोजरला मी बोललो. आता आमच्याकडं दोन दिस माझ्याच ताटात मीठ न्हाई.

आता माझंबी ऐकून घ्या. बीजकेंद्र मी बंद करनार न्हाई. तुमची कानोशी लाख अंडी घालती, त्यातली किती जगत्यात त्ये कवा बघितलं का? पाऊस चार दिस उघडला की गवतातलं पानी आटतं आन अंडी वाळून खडखडीत. म्या बघितलंय, माझ्या बापाच्या वक्ताला, प्रवरेच्या काठाला. तवाच म्हनलं, ह्येचं कायतरी केलं पायजे. तुमी राखन करता ती वाटंची. वर गेल्यावर फुडं काय हुतं, त्ये देवावर. मी देवावर सोडत न्हाई. ह्यो माझा गुन्हा.

पन चढनीची डोकी मी मागाया नको हुती. त्ये चुकलं. हितनं फुडं आमच्याच तळ्यातल्या माशांची घिऊ, कमी पडली तर कमी बी करू. हे मी संस्थेच्या बैठकीत सांगितलंय.

अंगठा पाठवत न्हाई. कागद कोन कसा वाचंल ह्येचा आता माझा इस्वास ऱ्हायला न्हाई. दसऱ्यानंतर मी सोताच येतोय, तुमच्या पंचांपुढं बसाया. पोराचा बाप पोरीच्या गावात मान खाली घालाया येतोय, तवा जरा बरी सतरंजी टाका.

आसाराम

आबा, हे सगळं त्यांनी सांगितलं तसंच आहे. पत्र मी चुलीत घातलं नव्हतं. तुमचं जाळं खुंटीला टांगलंय हे वाचल्यावर माझ्यानं राहवलं नाही. – केशर


तळवाडी
८ जुलै १९७१

आसारामबुवांस रंगनाथाचा रामराम.

पाऊस यंदा जेमतेमच आहे, पण परवा वरच्या डोंगराला एक ढग फुटला आणि ओढ्याला लोंढा आला. तुम्ही पंचांपुढे बोलून गेल्यापासून गाव पुन्हा माझं ऐकतं, तरी मी पहाटेच तोंडाशी जाऊन बसलो. मागून पुंजाराम आला, आणखी पाच-सहा जण आले. जाळं कुणाच्या हातात नव्हतं. पुंजारामाच्या खांद्यावर होतं, पण म्हणाला, "सवयीनं आलं."

बघून बघून डोळे दुखले. कानोश्या आल्या त्या एका हाताच्या बोटांवर. बाकीचा ओढा मोकळा, नुसतं गढूळ पाणी. मागे या लोंढ्याला पाण्यापेक्षा पाठी जास्त दिसायच्या. बुवा, तुम्ही पंचांपुढे बसलात, मी सतरंजी टाकली, आपण एका ताटात जेवलो. पण त्या रिकाम्या ओढ्याकडे बघताना माझा राग होता तिथेच होता. तो तुमच्या येण्यानं गेलेला नाही. तुम्हाला तो मिळायला हवा म्हणून पाठवतोय.

मग ऊन वर आल्यावर पाणी खाली कुठेतरी फुगलं. आधी वाटलं लाकूड वाहत येतंय, पण ते प्रवाहाच्या उलट येत होतं. भलं मोठं डोकं, तोंड वर उघडलेलं. तुमची कटली. डब्यातून सोडलेली, गेल्या साली कोवळी होती तीच. तिच्यामागे आणखी. पोटं तटतटलेली. आमच्या कानोशीसारखं खडकाच्या कडेनं जाणं त्यांना ठाऊक नाही. मधल्या उथळात घुसल्या, पोटं वाळूला घासतायत, पाठी उघड्या पडल्यात, आणि तरी ढकलतायत वर.

पुंजारामानं जाळं खांद्यावरून उतरवलं. म्हणाला, "रंगाभाऊ, ह्या काय आपल्या माहेरवाशिणी न्हाईत. तूच म्हनायचास, ह्यास्नी माहेर न्हाई. ह्या व्याह्याच्या. रीत ह्यास्नी लागत न्हाई. टाकू का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्याचं चुकत नव्हतं. मी तसं चावडीवर म्हटलंय, बाजारात म्हटलंय, तुम्हाला लिहिलंय. भुकेली माणसं, रिकामा ओढा, आणि समोर हाताएवढ्या पाण्यात पाच-पाच शेरांचा मासा. राग तर मला होताच. घ्या म्हणालो असतो तर कुणी नाव ठेवलं नसतं, तुम्हीसुद्धा नाही.

मी धोतर खोचून पाण्यात उतरलो आणि त्यांच्या मागे आडवा उभा राहिलो. म्हटलं, "जाळं गुंडाळ पुंजाराम."

"आरं पन कुनाच्या म्हून सोडायच्या?"

"चढतायत ना? मग चढू दे."

मग जाळं काठावर टाकून पुंजारामही उतरला, आणि पायानं मधली वाळू सारायला लागला, तोंडानं मला शिव्या देत. बाकीचेही उतरले. एक एक करून त्या वर गेल्या.

आता वर कुरणात त्या काय करतात ते मला माहीत नाही. अंडी घालतील, की नुसत्या हिंडून परत येतील. घातली तरी पाऊस उघडला तर वाळतील, हे तुमचं म्हणणंही माझ्या डोक्यात आहे. म्हणून पुंजाराम आणि मी कालपासून कुरणाच्या खालच्या अंगाला ढेकळांचा बांध घालतोय, पाणी चार दिवस जास्त टिकावं म्हणून. दोन म्हातारे, एक फावडं. ते मोडकं आहे.

पत्र मिळताच या. येताना फावडं आणा.

रंगनाथ